बोटभर फट

शुक्रवार, ता. १२ मार्च

जबडा लागला नाही!

अक्षर बिघडले आहे. तरीही जे घडले ते क्रमाने लिहिणे भाग आहे.

दुपारी दोननंतर मोठ्या पुलाच्या उतारावर मालट्रक आणि धोबीखान्याची व्हॅन यांची टक्कर झाली. व्हॅनचा चालक आत अडकला. सूनबाईची अग्निशमन तुकडी सात मिनिटांत पोहोचली. सात मिनिटे म्हणजे उत्तम. माझ्या नोकरीच्या काळात बारा मिनिटांत पोहोचलो तरी आम्ही एकमेकांची पाठ थोपटत असू. गाडीतून जबडा काढला, कातर काढली, पंप सुरू केला — आणि नळी जबड्याला जोडलीच जाईना! कातरीलाही जाईना! दोन दोन माणसे अंगाचा भार देऊन ढकलीत होती. अखेर पान्याने एक नट सैल केला, आत कोंडलेले तेल उडाले, तेव्हा कुठे जोड बसला. अकरा मिनिटे गेली. चालक शुद्धीवर होता. ती अकरा मिनिटे त्याने डोळ्यांनी पाहिली.

ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, तरी नोंद पुरी असावी. जबडा म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे दोन बाहूंचे अवजार. चुरगळलेल्या दाराच्या सांध्यात त्याचे ओठ घालायचे आणि फाकवायचे. दार बिजागरीसकट निघते. कातर त्याच पंपावर चालते आणि गाडीचे खांब कापते. कंपनीने दिलेली नावे निराळी आहेत. आमच्या अग्निशमन केंद्रात सारे जण जबडा आणि कातर असेच म्हणतात.

केंद्राच्या साहेबांनी सूनबाईला संध्याकाळीच घरी पाठविले. तिने बूट काढले आणि पायरीवरच बसून राहिली. सौ. म्हणाली, "अगं, आत तरी ये." ती म्हणाली, "आई, हाताला तेल आहे."

हात स्वच्छ होते. मी पाहिले.


शनिवार, ता. १३

चालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय चौतीस. डॉक्टरांचे शब्द भोंग्याने फोनवर सांगितले — "दहा मिनिटं आधी सुटला असता तर पाय राहिला असता." (भोंगा हा केंद्रातील गाडीचा चालक. मूळ आवाजच असा की गाडीला भोंगा बसविण्याची गरज नाही.)



हे घडूच कसे शकते? परवा, गुरुवारी, पाच ते सहा या वेळात मी स्वतः ती दोन्ही अवजारे पुसली होती! केंद्राच्या भांडारात एकोणतीस वर्षे काढली मी. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी दर गुरुवारी स्वखुशीने जातो, कारण आताच्या मंडळींना फडके कसे पिळावे हेही ठाऊक नाही. पंप चालवून पाहिला. बाहू उघडले, पुसले, मिटले. पंपाचा आवाज जड होईपर्यंत आवळून मिटले. ओठाला ओठ. मध्ये कागद सरकला नसता. मग नळ्या सोडविल्या, टोकांना टोपणे लावली, पेटी बंद केली. निर्दोष काम!

तेव्हा माझ्यानंतर कोणीतरी हात लावला आहे. हे उघड आहे.

जेवताना मी स्पष्ट म्हणालो, "ज्याने हे केले, त्याला केंद्राच्या आवारात उभे करून त्याची टोपी काढून घेतली पाहिजे. हयगय नव्हे ही, पाप आहे." सौ.ने भाजी वाढण्याचा डाव हवेतच धरला. सूनबाईने मान वर केली नाही.


रविवार, ता. १४

सूनबाई दिवसभर छतावर कपडे वाळत घालीत होती. तेच कपडे.


सोमवार, ता. १५

केंद्रावर गेलो. गुरुवार नसताना गेलो म्हणून सारे चकित झाले. मी भोंग्याला बाजूला घेतले.

"गुरुवारी माझ्यामागे पेटी कोणी उघडली?"

"कोणी नाही, काका."

"मग काय भुताने उघडली?"

"काका, ऊन किती आहे बघा. तुम्ही घरी जा. आई वाट बघत असतील."

"माझी वाट बघण्याचे तिने तीस वर्षांपूर्वीच सोडून दिले. सरळ उत्तर दे!"

एरवी या वाक्यावर भोंगा खो खो हसला असता. आज हसला नाही. दोघे जण नळ्या गुंडाळत होते, त्यांना एकाएकी आत काम निघाले. स्वयंपाकी दारात आला, मला पाहून परत फिरला. हे सर्व मिळून कोणाला तरी पाठीशी घालीत आहेत. मी ओळखले. मी दुधखुळा नाही.


मंगळवार, ता. १६

घडले ते असे, की आज मोठ्या साहेबांपुढे जबाब झाले आणि सूनबाईने लिहून दिले — "अवजारांची शेवटची तपासणी माझी होती. ती झाली नाही. जबाबदारी माझी आहे."

आपली सून! आमच्या घरातली! तिला कामावरून दूर केले आहे. चौकशीअंती नोकरी जाणार असे सर्व जण धरून चालले आहेत.

मी म्हणालो, "अगं, मी एकोणतीस वर्षांत एक टोपण हरवू दिले नाही. तुझ्या हातून एका माणसाचा पाय गेला!"

ती म्हणाली, "हो, बाबा."

एवढेच. वाद नाही, कारण नाही. चिरंजीव दूरगावी नोकरीस आहेत, त्यांचा फोन आला तेव्हाही तिने "सगळं ठीक" एवढेच सांगितले.

सौ. मला आतल्या खोलीत म्हणाली, "जगातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरता. एकदा त्या जिभेलाही घाला."


बुधवार, ता. १७

सूनबाईने आणलेला चहा घेतला नाही. सौ.ने तोच कप आत नेला, परत आणला, म्हणाली, "हा माझ्या हातचा." प्यालो.


गुरुवार, ता. १८

कोठून आरंभ करावा ते कळत नाही.

गुरुवार म्हणून पाच वाजता गेलो. पाय सवयीने नेतात. भांडाराला चौकशीचे कुलूप होते. परंतु आवारात टेबल मांडून मोठे साहेब उभे होते आणि अवजार विकणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक त्यांना प्रात्यक्षिक दाखवीत होता. मी मागे उभा राहिलो. मला कोणी हटकले नाही. मला कोणीच कधी हटकीत नाही.

मेकॅनिकने पंप सुरू केला. जबडा मिटला. ओठाला ओठ. मग तसाच आवळत राहिला, पंपाचा आवाज जड होईपर्यंत. मनात म्हटले — वा! या माणसाला काम येते.

मग त्याने नळी सोडविली. अवजार उन्हात ठेवले. सर्वांनी चहा घेतला. मग तो साहेबांना म्हणाला, "आता जोडून दाखवा."

साहेबांना जोडता आली नाही. भोंग्याला आली नाही. केंद्रातील सर्वांत दांडग्या माणसाने गुडघा लावून जोर केला, त्यालाही आली नाही.

मेकॅनिक म्हणाला, "येणारच नाही. दाब आत कोंडलाय. वरून ऊन लागलं की तेल फुगतं, आणखी घट्ट. म्हणून हे अवजार कधीच पुरतं मिटून ठेवायचं नाही. ओठांत बोटभर फट ठेवायची, पंपाचा दाब सोडायचा, मगच नळी काढायची. इथे आवळून मिटूनच ठेवलं होतं, दुसरं काही नाही."

कोणीतरी विचारले, असे किती दिवस चालू शकते? तो म्हणाला, "दिवस? पहिल्याच उन्हाला अडकतं. आणि अहो, हे असं कोण करतं? पेटीच्या झाकणाच्या आत पत्र्यावर लिहिलंय की! चित्रसुद्धा आहे. न वाचणाऱ्यालाही कळेल."

त्याने झाकण उघडून तो पत्रा सर्वांस दाखविला.

तो पत्रा मी ओळखतो. नवे अवजार आल्यापासून चार वर्षे, दर गुरुवारी, मी तो ओल्या फडक्याने पुसला आहे. कोपऱ्यातील धूळ काडीने काढली आहे. इंग्रजी आहे. मला त्यातील सव्वीस अक्षरे ओळखू येतात. एकापुढे एक आली की ती माझ्याशी बोलत नाहीत. चित्रात दोन ओठ आहेत, मध्ये लहानसा बाण. मला ती कंपनीची निशाणी वाटत होती.

आधीचा जबडा हातपंपाचा होता. त्याला एकच नळी, तीही आट्यांनी फिरवून बसवायची. तो मिटूनच ठेवावा लागे, नाही तर आतली दांडी गंजत असे. मला भांडाराचे काम शिकविणारे थोरले भांडारी म्हणत, "उघडं राहिलं ते वाया गेलं." तेच मी नव्या जबड्यास लावले. नवीन आले तेव्हा कंपनीची माणसे दोन दिवस शिकवीत होती. मला बोलावले होते. मी म्हणालो होतो, "मला काय शिकविता? माझे केस भांडारात पांढरे झाले."

घरी कसा आलो ते आठवत नाही.


शुक्रवार, ता. १९

तो पाय मी घेतला.


शनिवार, ता. २०

काल एवढेच लिहू शकलो. आज जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

सूनबाई आपला गणवेश इस्त्री करीत होती. परत करावा लागणार म्हणून. मी दारात उभा राहिलो. तिने खुर्ची पुढे सरकविली. मी बसलो नाही.

"जबडा मी आवळून मिटला होता. गुरुवारी."

"हो, बाबा."

"तुला ठाऊक होते?"

"हो."

"केव्हापासून?"

ती कॉलरवर इस्त्री फिरवीत राहिली.

"म्हणजे तू खोटा जबाब दिलास! माझ्यासाठी! एका शब्दाने मला विचारले नाहीस!"

"खोटा नाही दिला, बाबा."

"शेवटची तपासणी तुझी होती? कोणत्या नोंदवहीत? मी भांडारी होतो, मला नोंदी शिकवू नकोस. मला कोणाची दया नको!"

"दया नाही हो. जे आहे ते लिहिलं." तिचा आवाज एकदम चढला. मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "आणि तुम्ही तिथे नव्हताच! कागदावर तुम्ही कुठेच नाही. निवृत्त माणूस अवजारांना हात लावतो असं लिहिलं, तर आमच्या स्टेशन साहेबांवरही येईल. कृपा करून गप्प बसा, बाबा. आयुष्यात एकदा."

सौ. भाजी निवडता निवडता आत आली. "ती तुमच्या अंगावर पांघरूण घालते आहे आणि तुम्ही लाथा झाडताय. निजा की गुमान."

"तुलाही ठाऊक होते?"

"मला काय ठाऊक? मला जबडा म्हटलं की तुमचाच आठवतो."

हसू आले नाही. तिलाही आले नाही. निवडलेली भाजी तिने पुन्हा देठांत टाकली.

मी गप्प बसलो तर कोणासही कळणार नाही. सूनबाईची नोकरी जाईल आणि माझे नाव राहील. बाजारातून जाताना माणसे "भांडारी आले" म्हणून वाट देतात, ती देत राहतील. हा विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ थांबला. नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. थोडा वेळ नव्हे. सबंध दुपार.


रविवार, ता. २१

निवेदन लिहावयास बसलो. तीन कागद फाडले. चौथी इयत्ता शिकलेल्या माणसास निवेदन लिहिता येणार नाही असे कोणी समजू नये. अक्षर मोत्यासारखे आले आहे. एका वाक्याशीच अडलो.

"सदर पत्र्यावरील मजकूर इंग्रजीत असून मला इंग्रजी वाचता येत नाही."

हे वाक्य मी नोकरीत कोणास सांगितले नाही. चिरंजीवांस नाही. विवाहापासून सौ.लाही नाही. चष्मा घरी राहिला आहे, असे म्हणत असे. एकोणतीस वर्षे माझा चष्मा घरी राहिला.

सौ.ला निवेदन वाचून दाखविले. त्या वाक्याशी थांबलो. ती म्हणाली, "पुढे वाचा. ते मला माहीत आहे."


सोमवार, ता. २२

सकाळी साडेदहाला मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. टोपी घालून, कोट घालून. उभ्यानेच निवेदन दिले.

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, त्यांनी त्यावर हात ठेवला.

"काका, हे घरी घेऊन जा. मी पाहिलंच नाही असं समजतो."

"आपण पाहिले आहे, साहेब."

"तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाल?"

"गुडघे चांगले आहेत माझे." बोलून गेलो, आणि तो धोबीखान्याचा चालक डोळ्यांपुढे आला. मला तेथील टेबलाची कड धरावी लागली.

साहेबांनी मला बसविले. पाणी दिले. मग हळू आवाजात म्हणाले, "याने त्याचा पाय परत येणार आहे का?"

"नाही. परंतु माझी सून परत येईल. तिने खोटे लिहिले आहे. खरे हे आहे."

त्यांनी शिक्का मारला. पोच दिली. मी ती घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर आलो तेव्हा छाती हलकी झाली होती. खरे सांगतो, थोडी फुगलीही होती. अपराध माझा, कबुलीही माझी. आता कोणी माझ्यापुढे ढाल होऊन उभे राहण्याचे कारण नाही, आणि मला कोणाच्या पदराआड उभे राहण्याचे नाही. घरी येऊन पोच सूनबाईपुढे ठेवली. तिने वाचली आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. मी समजलो, सुटकेचे रडे आहे.

म्हणालो, "आता तरी खोटे सोड." ती उठून गेली.


मंगळवार, ता. २३

भोंगा घरी आला होता. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "काका, तुमचं निवेदन कळलं. पण तिला खोटारडी म्हणू नका. ते तेवढं नका म्हणू."

मग सांगितले. चार वर्षे, दर गुरुवारी, मी फाटकाबाहेर पडलो की सूनबाई भांडारात जात असे. पंप सुरू करायची, मी मिटलेले बोटभर उघडायची, दाब सोडायची, पेटी लावायची. दोन मिनिटांचे काम. सर्वांस ताकीद दिली होती — बाबांना कळता कामा नये.

मी विचारले, "मग त्या गुरुवारी?"

"त्या दिवशी तिची पाळीही सहालाच सुटली, म्हणून तुम्ही थांबलात. ती आत गेली होती, काका. पंप सुरू करायच्या दोरीला हात घातला होता. तुम्ही फाटकातून हाक मारलीत. ती मला म्हणाली, उद्या आल्या आल्या करते. दुसऱ्या दिवशी दोनला आली, आणि कोट चढवेपर्यंत घंटा झाली."

हाक मारली होती. आठवते. "अगं, किती वेळ! बस जाईल!"

बस मिळाली. दोघांना बसावयास जागाही मिळाली.